वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय संस्थेतील सुरक्षा अधिकाऱ्याचे काम

गेल्या महिन्यात या सदरात परदेशातील नोकऱ्यांविषयी लिहिताना, लष्करानंतरची चौदा वर्षे मी संयुक्त राष्ट्रसंघाच्या क्षेत्रीय कार्यालयांत सुरक्षा अधिकारी म्हणून काढली, असा उल्लेख ओघात केला होता. मुख्य लेखावर दोन पत्रे आली आणि त्या एका वाक्यावर तीसहून अधिक. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत व पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : दहा वर्षांची शॉर्ट सर्व्हिस (मुदतीची लष्करी सेवा) पूर्ण करून मी मेजर पदावरून नुकताच मुक्त झालो आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेतील सुरक्षा अधिकाऱ्याचे नेमके काम काय असते, शस्त्र बाळगावे लागते काय आणि आमचा लष्करी अनुभव तेथे कितपत ग्राह्य धरला जातो? (वानवडी)

शस्त्राचे आधी सांगतो. त्या चौदा वर्षांत माझ्या कमरेला एकदाही पिस्तूल नव्हते. बिनतारी संच होता, सॅटेलाइट फोन होता, भिंतभर नकाशे होते आणि रात्री-अपरात्री वाजणारा मोबाइल होता. वरिष्ठांच्या निकट संरक्षणासाठी शस्त्रधारी अधिकारी असतात, परंतु क्षेत्रीय कार्यालयांतील बहुसंख्य सुरक्षा अधिकारी निःशस्त्रच काम करतात. फाटकावर उभे असतात ते स्थानिक पहारेकरी, बहुतेक वेळा कंत्राटी. न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी येथील मोठ्या कार्यालयांत गणवेशधारी सुरक्षा दल असते खरे, मात्र त्या जागा सहसा त्या त्या ठिकाणीच भरल्या जातात. पुण्यात बसून अर्ज करणाऱ्याने त्यांच्यामागे फार वेळ घालवू नये.

क्षेत्रीय सुरक्षा अधिकाऱ्याचे काम सल्ला देण्याचे असते आणि फौजेतून आलेल्या माणसाला नेमके हेच पचायला जड जाते. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी यजमान देशाच्या सरकारची असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाजूने प्रत्येक देशात महासचिवांनी नेमलेला एक वरिष्ठ अधिकारी असतो, ज्याला तेथे 'डेझिग्नेटेड ऑफिशियल' म्हणतात. निर्णय त्याचा असतो आणि उत्तरदायित्वही त्याचेच असते. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, निर्वासितांसाठीचे उच्चायुक्तालय आदी संस्थांचे त्या देशातील प्रमुख त्याच्यासोबत सुरक्षा व्यवस्थापन समितीत बसतात. सुरक्षा अधिकारी त्या बैठकीत परिस्थिती मांडतो, पर्याय सांगतो, प्रत्येक पर्यायाची किंमत सांगतो आणि मग थांबतो. त्याच्या खांद्यावरचे जुने तारे तेथे कोणी मोजत नाही.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या दुसऱ्याच महिन्यात, आफ्रिकेतील एका देशात, उत्तरेकडच्या रस्त्यावर एक मालमोटार लुटली गेल्याची खबर आली आणि मी शिरस्त्याप्रमाणे त्या मार्गावरचा सर्व प्रवास स्थगित करावा, अशी दोन ओळींची शिफारस करून मोकळा झालो. तासाभराने कार्यालयप्रमुख बाईंनी बोलावले. त्यांनी शांतपणे विचारले, की शीतपेट्यांत भरलेल्या लसी तीन दिवसांनी निकामी होणार आहेत, तर त्या पलीकडच्या जिल्ह्यात कशा पोहोचतील, याचे आपल्या कागदात काही आहे का? काहीच नव्हते. त्यानंतर मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे वाहनतळावर जाऊन चालकांशी बोललो. दरोडा बाजाराच्या दिवशी, दुपारनंतर आणि एका ठराविक पुलाजवळ पडला होता, बाजार उठल्यावर व्यापाऱ्यांकडे रोकड असते आणि बाकी दिवशी त्या रस्त्यावर लग्नाची वऱ्हाडेदेखील निर्धास्त जातात, हे त्या चालकांना ठाऊक होते व मला नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन गाड्या निघाल्या, दर तासाला बिनतारी संचावर त्यांची खबर घेतली गेली आणि लसी पोहोचल्या. 'प्रवास करू नये' असे लिहायला अक्कल लागत नाही, हे मला त्या दिवशी कळले. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी आधी चालकांच्या खोलीत चहाला पाठवत असे.

ही व्यवस्था आज अशी का आहे, हे समजण्यासाठी १९ ऑगस्ट २००३ हा दिवस माहीत असायला हवा. बगदादमधील कॅनाल हॉटेल या संघाच्या इराकमधील मुख्यालयालगत स्फोटकांनी भरलेल्या ट्रकचा स्फोट घडवण्यात आला. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण मृत्युमुखी पडले आणि शंभरहून अधिक जखमी झाले. ट्रक ज्या बाजूने आला ती इमारतीलगतची वाट मोकळी होती आणि अनेकांच्या जखमा फुटून उडालेल्या काचांच्या होत्या. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने संघाची सुरक्षा व्यवस्था निकामी असल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. त्यानंतर सुरक्षेची विखुरलेली कार्यालये एकत्र करून जानेवारी २००५ मध्ये संघाचा स्वतंत्र सुरक्षा विभाग स्थापन झाला. १९ ऑगस्ट हा दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे ११ डिसेंबर २००७ रोजी अल्जिअर्समधील कार्यालयावर हल्ला होऊन संघाचे १७ कर्मचारी ठार झाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे संघाचे झाले. भिंती उंच झाल्या, काटेरी तारा वाढल्या, चिलखती गाड्या आल्या आणि ज्या गावकऱ्यांसाठी काम करायचे त्यांच्यापासून कर्मचारी तुटले. त्यावर उपाय म्हणून विचाराची दिशाच बदलण्यात आली. 'केव्हा निघून जायचे' हा प्रश्न मागे पडला आणि 'कसे टिकून राहायचे' हा पुढे आला. पूर्वी एखाद्या जागेची असुरक्षितता मोजण्याची पाच टप्प्यांची पद्धत होती. टप्पा वर गेला, की ठरलेले उपाय, वेळप्रसंगी स्थलांतरसुद्धा, आपोआप लागू होत. २०११ पासून सहा पातळ्या आहेत. पातळी केवळ परिस्थितीचे वर्णन करते आणि उपाय त्या त्या जागेच्या अभ्यासातून ठरवावे लागतात. म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याला आता तक्त्यामागे लपता येत नाही.

आता आपल्या अनुभवाविषयी. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक श्रेणीतील पी-३ या पदासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी व पाच वर्षांचा संबंधित अनुभव, अथवा पदवी व सात वर्षांचा अनुभव मागितला जातो. लष्करी सेवा त्यात धरली जाते, पण 'संबंधित' हा शब्द नीट वाचावा. मेजरसाहेब, आपण सैनिकांची कंपनी सांभाळली, हे तेथील निवड समितीला काहीच सांगत नाही. किती माणसांच्या व किती मोठ्या परिसराच्या सुरक्षिततेचे नियोजन केले, पूर किंवा दंगलीच्या वेळी मुलकी प्रशासनाशी समन्वय कसा राखला, तळाच्या सुरक्षेचे परीक्षण केले काय, चौकशी अहवाल लिहिले काय, असे लिहावे लागते. आमच्याकडे मराठीतही फौजेची अक्षरी लघुरूपे बोलण्यात इतकी मुरलेली असतात, की वानवडीतल्या चहाच्या टपरीवरसुद्धा ती समजतात. अर्ज वाचणारी पेरू किंवा घानामधील बाई मात्र ती ओळखणार नाही. मुलाखतीत 'आपण काय कराल' याऐवजी 'आपण एकदा काय केले' असे विचारले जाते, म्हणून सहा-सात खरे प्रसंग आधी नीट लिहून काढावेत, त्यात एखादा फसलेला निर्णयही असावा.

फ्रेंच शिकावी. चाड, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा अनेक देशांत तिच्यावाचून अडते. आपल्याकडे फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवली जाते आणि अलियाँस फ्राँसेजही आहे. नेमणूक बहुधा मुदतीच्या करारावर असते. त्यातच २०२५ पासून संघात मोठी काटकसर सुरू असून पदे कमी केली जात आहेत. तेव्हा घराचे कर्ज या भरवशावर काढू नये.

प्रश्न : मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात शिकतो. 'धोका' आणि 'जोखीम' हे शब्द पुस्तकांत जवळजवळ एकाच अर्थाने येतात. प्रत्यक्ष कामात त्यांत फरक केला जातो काय? (औंध)

सारे काम त्या फरकावरच उभे असते. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले, की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे आपण दर पावसाळ्यात पाहता. पाणी हा धोका आहे आणि तो साऱ्या शहराला एकच आहे. पण पर्वतीच्या चढावर राहणाऱ्या माणसाची जोखीम जवळजवळ शून्य असते, नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी लावून कार्यालयात गेलेल्या माणसाची गाडी जाण्याची जोखीम मोठी असते आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजल्यावर झोपलेल्या कुटुंबाची त्याहून मोठी, हे जुलै २०२४ मध्ये दिसलेच. पाणी आपल्या हातात नाही. गाडी वेळेत हलवणे, धरणाच्या विसर्गाची सूचना रात्री कोणी कोणाला फोन करून द्यायची हे ठरवून ठेवणे, आजीला आधीच वरच्या मजल्यावर नेणे, हे आपल्या हातात आहे. घटना घडण्याची शक्यता आणि घडल्यास होणारे नुकसान यांचा एकत्र विचार म्हणजे जोखीम, आणि सुरक्षा अधिकारी या दोहोंपैकी एक तरी कमी करण्याच्या मागे असतो.

एवढे करूनही जोखीम उरतेच. तेव्हा दुसरा प्रश्न येतो, की हे काम किती निकडीचे आहे. जीव वाचवणाऱ्या कामासाठी जी जोखीम पत्करता येते ती कार्यशाळेच्या उद्घाटनासाठी पत्करता येत नाही. हे ऐकायला सरळ वाटते, पण आपले काम निकडीचे नाही असे मान्य करणारा कार्यक्रमप्रमुख मला तरी भेटला नाही. म्हणूनच कामाची निकड कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आपसांत बसून ठरवायची आणि जोखमीचे मूल्यमापन सुरक्षा अधिकाऱ्याने करायचे, अशी विभागणी ठेवलेली आहे.

अभ्यासासाठी आणखी एक सुचवतो. सुरक्षितता मिळवण्याचे तीन मार्ग मानले जातात : लोकांनी आपल्याला स्वीकारणे, भिंती व उपकरणांनी आपले संरक्षण करणे आणि हल्लेखोराला शस्त्रबळाचा धाक दाखवणे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा भर प्रामुख्याने पहिल्यावर असतो. तिच्या गाड्यांवर शस्त्र आणण्यास मनाई असल्याचे चिन्ह असते आणि संघर्षातल्या सर्व बाजूंशी ती संवाद ठेवते. संयुक्त राष्ट्रसंघाला ते नेहमी जमत नाही, कारण त्याच संघाचे शांतिसैनिक शेजारी बंदुका घेऊन उभे असतात. आपल्या अभ्यासासाठी ही तुलना उपयोगी पडेल.

आणि हो, पुस्तकांत बॉम्बस्फोट व अपहरणांची प्रकरणे जाडजूड असतात. रस्ता अपघातांचे प्रकरण मात्र बारीक असते किंवा नसतेच. माझ्या नोंदवहीत सर्वाधिक वेळा आलेला शब्द 'सीटबेल्ट' हा आहे. हेल्मेटसक्ती म्हटले की मोर्चा काढणाऱ्या शहरात मी हे लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक आहे. एका एजंटाने संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक करून देतो असे सांगून नेमणूकपत्र व्हॉट्सॲपवर पाठवले आहे आणि वैद्यकीय तपासणी व व्हिसासाठी ८५,००० रुपये मागितले आहेत. पत्रावर शिक्का व बोधचिन्ह दोन्ही आहे. पैसे भरावेत काय? (वाकड)

एक रुपयाही भरू नये. संयुक्त राष्ट्रसंघ अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, प्रक्रिया अशा भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही आणि त्याने भरतीसाठी एजंट नेमलेले नाहीत. सचिवालयाच्या जागा 'इन्स्पिरा' या संकेतस्थळावर जाहीर होतात, इतर संस्था आपापल्या संकेतस्थळांवर जाहिराती देतात, आणि चाचणी वा मुलाखत यांवाचून नेमणूकपत्र कोणालाही मिळत नाही. बोधचिन्ह कोणालाही छापता येते. पैसे आधीच गेले असतील, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत खाते गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

आपल्याला खरोखरच परदेशात सुरक्षेची नोकरी हवी असेल, तर आखाती देशांतील खासगी कंपन्यांच्या जागा वास्तवाला धरून आहेत. तेथेही एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत आहे काय, हे 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

प्रश्न : मी महाराष्ट्र पोलीस दलात उपनिरीक्षक आहे. शांतिसेनेत गेलेल्या महिला पोलिसांविषयी वाचले आहे. त्या मार्गाने मला सुरक्षा अधिकारी होता येईल काय? (शिवाजीनगर)

हे दोन वेगळे मार्ग आहेत. आपण वाचले ते बहुधा लायबेरियाविषयी असावे. भारताने २००७ मध्ये तेथे पाठवलेली महिला पोलिसांची तुकडी ही संघाच्या इतिहासातील अशी पहिली तुकडी होती, आणि त्यानंतरच्या तुकड्या २०१६ पर्यंत तेथे काम करत राहिल्या. त्या केंद्र सरकारने पाठवलेल्या होत्या. पोलीस अधिकारी म्हणून मोहिमेवर जायचे असेल, तर आपले नाव गृह विभागामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावे लागते आणि इंग्रजी, वाहनचालन व गोळीबार यांच्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. मोहीम संपली, की आपण पुन्हा आपल्या ठाण्यात.

सुरक्षा अधिकारी हा मात्र संघाचा कर्मचारी असतो आणि संघाच्या सनदेच्या १०० व्या कलमानुसार त्याला कोणत्याही सरकारकडून, स्वतःच्यासुद्धा, आदेश घेता येत नाहीत. त्यासाठी आपल्याला स्वतंत्रपणे अर्ज करावा लागेल. मोहिमेचा अनुभव त्या वेळी फार उपयोगी पडतो, तेव्हा आधी तो घ्यावा. स्त्री सुरक्षा अधिकारी कमी आहेत आणि त्यांची गरज फार आहे. वसतिगृहाच्या कोणत्या कोपऱ्यात रात्री दिवा नाही, हे माझ्या एका सहकारी बाईंच्या पहिल्या फेरीत लक्षात आले; मी तेथून वर्षभर रोज जात होतो.

प्रश्न : माझी मुलगी पोषणतज्ज्ञ आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका संस्थेत तिची दक्षिण सुदानमधील जुबा येथे नेमणूक झाली आहे व पुढील महिन्यात ती रुजू होत आहे. तेथील बातम्या वाचून झोप लागत नाही. तेथील सुरक्षा अधिकारी तिच्यासाठी नेमके काय करतात? आम्ही येथून काय करावे? (सहकारनगर)

आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी पेटली. त्याच महिन्यात अकोबो येथील संघाच्या तळावर आश्रयाला आलेल्या नागरिकांचे रक्षण करताना दोन भारतीय शांतिसैनिक धारातीर्थी पडले. जुलै २०१६ मध्ये खुद्द जुबात लढाई झाली. हे सारे आपल्या मुलीने नेमणूक स्वीकारण्यापूर्वी वाचले असेल, असे मी धरून चालतो.

तेथे पोहोचण्याआधी ती 'बीसेफ' हे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करील. त्यानंतर काही दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण होते. त्यात गोळीबार झाल्यास कोठे व कसे पडून राहावे, तपासणी नाक्यावर हात कोठे ठेवावेत आणि काय बोलू नये, जखमेवर दाब कसा द्यावा, बिनतारी संचावर कसे बोलावे, हे करवून घेतात. हा शेवटचा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. तिला मनाची तयारी करून जायला सांगा. तिच्या निवासाच्या भागासाठी एक 'वॉर्डन' नेमलेला असतो. तो सुरक्षा अधिकारी नसतो, तर तिच्यासारखाच दुसरे काम करणारा कर्मचारी असतो, आणि संकटात आपल्या भागातील प्रत्येक जण सापडला की नाही, हे मोजणे त्याच्याकडे असते. शहराबाहेरच्या प्रत्येक प्रवासाला आधी परवानगी लागते. रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर पडता येत नाही. सोबत एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवावी लागते, ज्यात पासपोर्ट, औषधे, पाणी, टॉर्च आणि थोडी रोकड असते.

जुबा ही कुटुंब सोबत नेता न येणारी जागा आहे आणि तेथील कर्मचाऱ्यांना ठरावीक आठवड्यांनी सक्तीची विश्रांती रजा मिळते. ती रजा तिने चुकवू नये, हे मात्र आपण आईच्या अधिकाराने बजावून सांगा. काम अर्धवट आहे म्हणून रजा पुढे ढकलणारे तरुण मी पुष्कळ पाहिले आणि त्यांच्याच हातून चुका होतात. हिवतापाची औषधे व मच्छरदाणी याही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपण येथे करण्याजोगे थोडेच आहे, पण ते नेमकेपणाने करावे. तिच्या पासपोर्टची, विम्याच्या कागदांची व रक्तगटाची प्रत घरी ठेवा. संस्थेकडे तिने संकटकाळी संपर्कासाठी कोणाचा क्रमांक दिला आहे, हे तिला विचारा आणि तो क्रमांक उचलणाऱ्या माणसाने मोबाइल रात्री बंद ठेवू नये. ती कोणत्या गावी चालली आहे, केव्हा निघणार आहे, हे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहू नका. कौतुक करणारी मावशीही नाही. रेंज गेली की दोन-दोन दिवस फोन लागत नाही, हे तेथे नित्याचे आहे. लागोपाठ वीस वेळा फोन करून तिची बॅटरी संपवू नये. आठवड्यातील दोन दिवस व एक वेळ ठरवून घ्या. जुबा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तेथे संध्याकाळचे सहा झालेले असतात आणि कर्मचारी बहुधा निवासावर परतलेले असतात. तीच वेळ धरावी.